खोतांच्या जमिनीपासून राज्यघटनेच्या हद्दीपर्यंत

भारतीय राज्यघटनेच्या शेवटी जी परिशिष्टे आहेत, त्यांतले नववे परिशिष्ट मराठी माणसाने एकदा तरी उघडून पाहावे. १९५१ साली ते घटनेला जोडले गेले तेव्हा त्यात तेरा कायद्यांची नावे होती. पहिला कायदा बिहारचा. त्यानंतरचे सलग सहा मुंबई राज्याचे. त्यांत १९४८चा कूळकायदा आहे, गुजरातेतल्या तालुकदारीसारख्या वहिवाटी मोडणारे तीन कायदे आहेत, १९५०चा खोती नष्ट करणारा कायदा आहे आणि परगणा व कुळकर्णी वतने रद्द करणाराही आहे. आठवा कायदा मध्य प्रदेशचा, मालगुजारी संपवणारा. नागपूर तेव्हा त्याच राज्याची राजधानी होते. यादीच्या शेवटी निजामाच्या मुलखातल्या जहागिऱ्या निकालात काढणारे हैदराबादचे दोन कायदे. कोकणातला खोत, देशावरचा कुळकर्णी, भंडाऱ्याकडचा मालगुजार आणि मराठवाड्यातला जहागीरदार असे सगळे या एका यादीत भेटतात.

यादी करण्यामागचा हेतू सरळ होता. या कायद्यांनी मूलभूत हक्कांचा भंग होतो, असे म्हणून कोणालाही कोर्टात जाता येऊ नये. घटना अमलात येऊन तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते आणि तिच्यातल्या हक्कांनाच अपवाद करावा लागला होता. या अपवादावरून संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात जो वाद पेटला तो तीस वर्षे चालला. संसदेला घटना बदलता येते हे कोणीच नाकारत नव्हते. किती बदलता येते, हा प्रश्न होता.

घटना समितीत दुरुस्तीच्या कलमावर मुख्य चर्चा झाली ती १७ सप्टेंबर १९४९ रोजी. मसुद्यात ते ३०४वे कलम होते, अंतिम घटनेत ते ३६८वे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेली रचना तीन पायऱ्यांची होती. राज्यांच्या सीमा, नवी राज्ये यांसारख्या गोष्टी साध्या बहुमताने बदलाव्यात. बाकीच्या बहुतेक तरतुदींसाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत. राष्ट्रपतींची निवड, उच्च न्यायालये, केंद्र आणि राज्ये यांच्यातली अधिकारांची वाटणी अशा विषयांना हात लावायचा तर त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचीही मान्यता घ्यावी.

त्याच दिवशी अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी एक वेगळी सूचना मांडली. व्यक्तीच्या हक्कांचा, त्यात मालमत्तेचाही, संकोच करणारी कोणतीही घटनादुरुस्ती मुळातच रद्दबातल ठरावी, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहाने ती सूचना स्वीकारली नाही. घटनाकारांपुढे मर्यादेचा प्रश्न आलाच नव्हता, असे म्हणूनच म्हणता येत नाही. तो आला होता आणि त्यांनी मर्यादा लिहून ठेवली नाही.

या मोकळिकीमागे विचार होता. कडक, न बदलणारी घटना राष्ट्राची वाढ खुंटवते, असे नेहरूंनी नोव्हेंबर १९४८ मध्येच घटना समितीत सांगितले होते. २५ नोव्हेंबर १९४९च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला दिला. एका पिढीने पुढच्या पिढीला आपल्या कायद्याने जखडून ठेवू नये, हे जेफरसनचे म्हणणे त्यांनी मान्य केले आणि आपण दुरुस्तीची वाट मुद्दाम सोपी ठेवल्याचे सांगितले. ज्यांना ही घटना पटत नाही त्यांनी दोन तृतीयांश मते मिळवावीत, आणि तेवढीही मिळत नसतील तर जनता आपल्या बाजूची आहे असे त्यांनी समजू नये, असे त्यांनी बजावले.

वाट सोपी आहे, याची प्रचिती लगेच आली. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने राज्यात बंदी घातली होती, ती न्यायालयाने उठवली. १२ मार्च १९५१ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला. पुढच्याच महिन्यात मद्रासमधले जातवार प्रवेशांचे धोरण सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. जमीनदारी नष्ट करू, हे काँग्रेसने शेतकऱ्यांना दिलेले वचन होते. कोर्टाच्या तारखा मोजत बसायला सरकार तयार नव्हते.

महाराष्ट्रातल्या कुळांना या घाईचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी १९३३ पासून सहा-सात वर्षे खोतांच्या जमिनी नांगरल्या नव्हत्या. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. ते विधेयक कायद्यात उतरले नाही. तेरा वर्षांनी, स्वातंत्र्यानंतर, मुंबई राज्याने खोती रद्द केली. ती पुन्हा कोर्टात अडकावी, असे कोकणात कोणत्या कुळाला वाटले असते?

१२ मे १९५१ रोजी नेहरूंनी पहिल्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी त्याचे समर्थन केले. मालमत्तेच्या ३१व्या कलमाशी त्यांचे स्वतःचे नाते तुटकच होते. ते आपल्या मसुद्यातले नव्हे, असे पुढे १९५५ मध्ये त्यांनी राज्यसभेत स्पष्ट सांगितले. विरोधात श्यामाप्रसाद मुखर्जी, आचार्य कृपलानी अशी मंडळी होती. त्यांचा एक आक्षेप बिनतोड होता. हे सभागृह हंगामी आहे, प्रौढ मतदानाने निवडलेले नाही, निवडणुका काही महिन्यांवर आल्या असताना घटना बदलण्याची घाई कशासाठी? विधेयक २२८ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले. १८ जून १९५१ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणे वाढली, मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींना आधार मिळाला आणि नववे परिशिष्ट अस्तित्वात आले.

जमीनदार न्यायालयात गेले. घटनेचे १३वे कलम म्हणते की मूलभूत हक्कांचा संकोच करणारा ‘कायदा’ राज्याला करता येणार नाही. घटनादुरुस्ती हाही कायदाच नव्हे का, असा त्यांचा युक्तिवाद होता. ५ ऑक्टोबर १९५१ रोजी शंकरी प्रसाद खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी तो फेटाळला. १३व्या कलमातला कायदा म्हणजे रोजचा, साधा कायदा. घटनादुरुस्ती त्यात येत नाही, असा निर्वाळा मिळाला. पुढची तेरा वर्षे हाच नियम राहिला.

१९६४ मध्ये सतराव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायदे गेले आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. सज्जन सिंह खटल्याचे खंडपीठ पाच जणांचे होते. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मलेले. त्यांनी व दोन सहकाऱ्यांनी जुनाच निर्णय कायम केला. मात्र उरलेल्या दोघांच्या मनात शंका होती. एक होते नागपूरच्या वकिलीतून आणि न्यायासनावरून पुढे आलेले एम. हिदायतुल्ला. दुसरे ज. र. मुधोळकर, १९१२च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. निकालाशी सहमत होतानाच मुधोळकरांनी विचारले की घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल करणे ही दुरुस्ती मानायची, की घटनेचा काही भाग नव्याने लिहिणे? पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच सुमारास दिलेल्या एका निकालाचा आधार त्यांच्यापुढे होता. पुढे साऱ्या देशात गाजलेल्या सिद्धान्ताचे बीज भारतीय न्यायालयात पडले ते इथे. त्या दिवशी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

दोन वर्षांत वारे फिरले. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन होती आणि पंजाबच्या कायद्याने तिचा बराच भाग अतिरिक्त ठरत होता. त्यांच्या याचिकेवर अकरा न्यायमूर्ती बसले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी, सार्वत्रिक निवडणूक नुकतीच आटोपली असताना, निकाल सहा विरुद्ध पाच असा लागला. सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या बाजूच्या सहा जणांत हिदायतुल्लाही होते. त्यांनी ठरवले की मूलभूत हक्कांना संसदेने यापुढे हात लावायचा नाही. झाले ते झाले. जुन्या दुरुस्त्या आणि जमीन कायदे तसेच राहतील. घटना समितीने १९४९ मध्ये जी सूचना बाजूला ठेवली होती, तिच्या जवळपास पोहोचणारा हा निकाल अठरा वर्षांनी न्यायालयाने एका मताच्या फरकाने दिला.

याविरुद्ध संसदेत पहिला उठला तो सत्ताधारी पक्षातला कोणी नव्हे. राजापूरचे खासदार, प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांनी एप्रिल १९६७ मध्ये खासगी विधेयक आणले आणि मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा संसदेचा अधिकार परत मागितला. नाथ पैंच्या लोकशाहीनिष्ठेबद्दल त्यांचे विरोधकही शंका घेत नसत. प्रौढ मतदानाने निवडलेल्या सभागृहाचे हात पाच-सहा न्यायमूर्तींनी बांधावेत, हे त्यांना मान्य नव्हते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर चर्चा झाली, पण ते मंजूर झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले.

तोवर इंदिरा गांधींचे सरकार दोनदा न्यायालयात हरले होते. फेब्रुवारी १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा पडला आणि डिसेंबरमध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारा आदेश. १९७१ची निवडणूक काँग्रेसने ३५२ जागांसह जिंकली आणि दुरुस्त्यांचा धडाका सुरू झाला. चोविसाव्या दुरुस्तीने गोलकनाथ निकालच पुसला. नाथ पैंना हवे होते ते आता सरकारने केले, शिवाय दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपतींनी सही केलीच पाहिजे असेही लिहिले. पंचविसाव्या दुरुस्तीने संपत्तीच्या न्याय्य वाटपासाठी केलेले कायदे समानतेच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कांच्या पलीकडे नेले. सव्विसाव्याने तनखे संपवले. एकोणतिसाव्याने केरळचे दोन जमीन कायदे नवव्या परिशिष्टात घातले.

त्याच केरळच्या कायद्याने कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या जमिनी जात होत्या. मठाधिपती केशवानंद भारती १९७० मध्येच सर्वोच्च न्यायालयात आले होते. त्यांच्या याचिकेवर तेरा न्यायमूर्ती बसले आणि ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३ या काळात ६८ दिवस युक्तिवाद चालले. मठाच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते. केरळच्या बाजूने होमी सीरवाई, जे तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. दोघेही मुंबईचे पारशी, दोघेही मुंबई उच्च न्यायालयाच्या बारमध्ये घडलेले. पालखीवालांचा मुद्दा कूळकायद्याच्या भाषेत सांगायचा तर संसद ही घटनेची वहिवाटदार आहे, मालक नव्हे. सीरवाई आणि केंद्राचे महान्यायवादी निरेन डे यांचे म्हणणे होते की ३६८व्या कलमात मर्यादा लिहिलेली नाही, मग न्यायालयाने ती कुठून आणायची? पालखीवालांच्या मांडणीला जर्मन अभ्यासक डीट्रिश कॉनराड यांच्या विचारांचा आधार होता. हिटलरच्या अनुभवानंतर जर्मनीने आपल्या घटनेत काही तत्त्वे दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवली होती. भारताच्या घटनेत असे लेखी कुंपण नव्हते.

२४ एप्रिल १९७३चा निकाल सात विरुद्ध सहा. अकरा वेगवेगळी निकालपत्रे, आणि पारडे झुकले ते न्या. हं. रा. खन्ना यांच्या निकालपत्राने. त्यांनी गोलकनाथ निकाल नाकारला. संसद कोणतेही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कही बदलू शकते. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडण्याचा अधिकार दुरुस्तीच्या अधिकारात येत नाही. मालमत्तेचा हक्क या चौकटीचा भाग नाही, हेही त्यांनी लिहिले. केशवानंदांच्या जमिनी त्यामुळे वाचल्या नाहीत आणि एकोणतिसावी दुरुस्ती टिकली. बहुमताचा सारांश नऊ जणांनी सही करून जाहीर केला, चौघांनी सही नाकारली. त्या नऊ जणांत विरोधी मत देणारे दोन मराठी न्यायमूर्तीही होते, दे. ग. पालेकर आणि पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ रे यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक केली. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर, तिघेही बहुमतातले, राजीनामे देऊन बाहेर पडले. तेरा जणांनी एका मताच्या फरकाने काढलेला हा निष्कर्ष फार दिवस टिकणार नाही, असे तेव्हा अनेकांना वाटले असणार. तो टिकला, आणि त्याचे कारण पुढच्या दोन वर्षांतल्या घटनांत आहे.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी दुरुस्ती आली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेली, झालेला निकालही रद्द धरला गेला. ७ ऑगस्टला लोकसभा, ८ला राज्यसभा, ९ला राज्यांची मान्यता, १०ला राष्ट्रपतींची सही. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची तारीख ११ होती. ३६८व्या कलमातली प्रत्येक पायरी पाळली गेली होती. कार्यपद्धतीत बोट ठेवायला जागा नव्हती. याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. खोती आणि वतने मोडण्यासाठी तयार झालेल्या नवव्या परिशिष्टात ‘मिसा’ दाखल झाला. हजारो राजकीय विरोधकांना तुरुंगात ठेवणारा कायदा आता कुळांना जमीन देणाऱ्या कायद्यांच्या शेजारी बसला.

अपील ऐकणाऱ्या पाच न्यायमूर्तींपैकी चार जण केशवानंद खटल्यात अल्पमतात होते. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी याच खंडपीठाने दुरुस्तीतली मुख्य तरतूद रद्द केली. इंदिरा गांधींची निवडणूक वाचली, कारण निवडणूक कायदाच पूर्वलक्षी बदलून घेतला होता. पण दोन वर्षांपूर्वी मूलभूत चौकटीचा सिद्धान्त न मानणारे चंद्रचूड आता तोच सिद्धान्त लावत होते. सीरवाईंनीही पुढे आपल्या ग्रंथात या सिद्धान्ताच्या बाजूने कौल दिला. दोघांचे मत पालटले त्याला या घटनांचे धक्के कारण होते. याच नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी तेरा जणांचे खंडपीठ बसवले. पालखीवालांनी दोन दिवस युक्तिवाद केला आणि रे यांना खंडपीठ विसर्जित करावे लागले.

न्यायालयाचा हा काळ सगळाच उजळ नाही. एप्रिल १९७६ मध्ये आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी ठरवले, आणि त्यांत चंद्रचूडही होते. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांना सरन्यायाधीशपद गमवावे लागले.

डिसेंबर १९७६ची बेचाळिसावी दुरुस्ती ५९ कलमांची होती. तिने उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द घातले, मूलभूत कर्तव्ये जोडली, लोकसभेची मुदत सहा वर्षे केली. सगळ्यांत वजनदार तरतूद ३६८व्या कलमात होती: घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही कारणाने आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही.

१९७७ मध्ये मतदारांनी सरकार बदलले. जनता सरकारने त्रेचाळिसाव्या आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बरेच काही पूर्ववत केले. मुदत पुन्हा पाच वर्षे झाली. आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतता’ पुरेशी राहिली नाही, सशस्त्र उठाव हवा आणि मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला हवा असे ठरले. ‘मिसा’ नवव्या परिशिष्टातून बाहेर गेला. घटनेचे मूळ स्वरूप बदलणाऱ्या दुरुस्तीवर जनमत घ्यावे, अशीही सरकारची सूचना होती. काँग्रेसचे बहुमत असलेल्या राज्यसभेने ती गाळली. ३६८व्या कलमातली ती अमर्याद अधिकाराची तरतूदही तशीच राहिली. तिचा निकाल ३१ जुलै १९८० रोजी मिनर्व्हा मिल्स खटल्यात लागला. पालखीवाला वकील, चंद्रचूड सरन्यायाधीश. मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, असे त्यांनी लिहिले आणि तरतूद रद्द केली. त्याच सुमारास महाराष्ट्राच्या जमीनधारणा कायद्यातून निघालेल्या वामनराव खटल्यात न्यायालयाने ठरवले की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात गेलेले कायदे तपासता येतील. २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी हे पक्के केले. परिशिष्टातली यादी आज अडीचशेच्या वर गेली आहे, आणि महाराष्ट्रातली शेतकरी चळवळ ‘परिशिष्ट नऊ’ रद्द करा अशी मागणी करते आहे.

ज्या मालमत्तेच्या मूलभूत हक्कावरून हा वाद सुरू झाला, त्याचे काय झाले? चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला आणि ३००अ या कलमात साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. तीस वर्षांच्या खटल्यांचे मूळ असलेला हक्क दोन तृतीयांश मतांनी गेला आणि मूलभूत चौकट जागेवर राहिली. न्यायालयाने सुधारणा अडवल्या, असे मूलभूत चौकटीच्या विरोधकांचे म्हणणे असते. जमिनीच्या बाबतीत तरी इतिहास त्यांना साथ देत नाही. केशवानंद हरले, हक्क गेला, कूळकायदे राहिले.

अडले ते वेगळेच काही. एकोणचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या दुरुस्तीत सत्तेवर असलेल्यांनी आपला निवाडा स्वतःकडे घेतला होता आणि पुढे येणाऱ्यांसाठी दाद मागण्याचा रस्ता बंद केला होता. बाबासाहेबांनी जेफरसनचा दाखला दिला तो एका पिढीने दुसरीला जखडू नये म्हणून. दुरुस्तीची वाट त्यांनी सोपी ठेवली, ती पुढच्या पिढीलाही सोपीच सापडावी यासाठी. २०२३ पर्यंत भारताच्या घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत आणि आणखी होतील. नवे घटनादुरुस्ती विधेयक आले की ते कोणत्या पक्षाचे आहे हे आपण आधी पाहतो. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. या बदलाने अधिकार कोणाचा वाढतो? आणि उद्या मतदारांना हा बदल चुकला असे वाटले, तर तो मागे घेण्याची वाट शिल्लक राहते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या विधेयकाला बहुमत कितीही मोठे असो, विरोध केलाच पाहिजे.